न्यूट्रलमधलं कण्हणं

आमची गाडी कण्हायची असं मी सांगते तेव्हा शहरातली माणसं हसतात. हसू देत. आमच्या वस्तीवर तेव्हा कुणी हसत नव्हतं.

वस्ती देवळाली प्रवराच्या अलीकडे, उसाच्या पोटातच म्हणा ना. ऊस उभा असला की शेजारचं घर दिसत नाही, नुसता धूर दिसतो. आमच्या दारात एक जुनी जीपगाडी. कागदावर ती आमच्या ह्यांची, पण ह्यांचे गुडघे गेले आणि स्टिअरिंगवर मी बसले. मला गाडी कुणी शिकवली नाही. हे चालवायचे आणि मी शेजारी बसून त्यांच्या पायांकडे बघायची. डावा पाय खाली, मग हात गिअरवर, मग डावा हळूच वर. भाकरी थापताना माझा डावा पाय आपोआप हलायला लागला, तेव्हा मी म्हटलं, आता आली आपल्याला. हे दुपारचे झोपले होते, मी खळ्यात गाडी फिरवून आणली. उठून बघतात तर गाडीचं तोंड उलटीकडं.

"कुनी हलवली गं गाडी?"

"तुमच्याच पायांनी," मी म्हटलं. "बघून बघून पाठ झालेत."

तेव्हापासून ती वस्तीची गाडी झाली. कुणाला दम लागला, कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या की हाक मला. ॲम्ब्युलन्स येते, नाही असं नाही, पण उसातली वाट तिला सापडेपर्यंत माणूस अर्धा होतो.

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक बांध आहे. शेजारीण माझ्याच वयाची, दोघी एकाच लग्नसराईत इथं आलेल्या. तिच्याकडे भाजी-कोरड्यास चांगलं झालं की वाटी बांधावरून इकडे, माझ्याकडे झालं की तिकडे. वाटी रिकामी परत द्यायची नाही अशी तिची रीत होती, काही नसलं तर चार शेंगा टाकून द्यायची. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. ओटी भरून झाली, फोटो काढून झाले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी ही पोरगी पोट धरून बांधावरून पळत आली.

"काकू, आईला कसंतरी होतंय."

तिचे वडील पाणी धरायला लांबच्या वावरात गेलेले. आम्ही दोघींनी मिळून शेजारणीला मागच्या सीटवर घातलं. पोरीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी गाडी श्रीरामपूरच्या रस्त्याला काढली. सगळ्या वाटेनं ती कण्हत होती. ओरडत नव्हती, नुसतं "ऊं… ऊं…", नाकातून आल्यासारखं, एकसुरी. पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मी हॉर्न वाजवतेय, ट्रॉलीवाल्यांच्या आयांचा उद्धार करतेय, आणि मागं ते कण्हणं चालूच. खरं सांगते, त्या आवाजाचा मला आधार वाटत होता. कण्हतेय म्हणजे आहे.

रेल्वे फाटक बंद मिळालं. मी क्लच दाबला, गिअर काढला, गाडी थांबली. आणि माझा डावा पाय खाली गेला त्याच क्षणी मागचा आवाज थांबला.

पोरगी म्हणाली, "काकू, झोपली वाटतं."

मालगाडी जात होती, संपता संपत नव्हती. मी आरशात बघितलं. मला कळलं. पण सात महिन्यांची पोटुशी पोर, तिला मी काय सांगणार? मी म्हटलं, "झोपू दे, हलवू नको." दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच तिला कळलं. त्याच गाडीत, त्याच सीटवर आम्ही शेजारणीला घरी आणली.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं त्याच्यातच आहे. आमच्याकडे प्रेत वाहिलेलं वाहन तसंच दारात उभं करत नाहीत. माणसं स्मशानातून आली की आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत, तसंच वाहनाचं. शेजारणीला आत नेली आणि भावकीतल्या एका म्हातारीनं अंगणातूनच हात केला.

"ए, गाडी हितं ठिवू नको. आदी नदीला न्हे. पार बुडव."

"आत्या, गाडीला कुठलं आलंय सुतक?" मी म्हटलं.

"तुला लई कळतंय. न्हे म्हन्ते ना."

बायका स्मशानात जात नाहीत. पुरुष तिला घेऊन एका वाटेनं जाणार होते, मी त्याआधीच गाडी तशीच वळवून दुसऱ्या वाटेनं प्रवरेत गेले. वरच्या धरणातून नुकतंच आवर्तन सुटलेलं, पाणी बऱ्यापैकी आणि गार. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी लागेपर्यंत गाडी आत घातली, इंजिन बंद केलं, बादलीनं सीट धुतली, टप धुतला. आणि मग नुसती बसले. पाय पाण्यात सोडून गाडीच्या दारात बसले आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. किती वेळ बसले कोण जाणे. पलीकडच्या काठावर म्हशी धुणारा मला हाका मारत होता, "ओ मावशी, गाडी बंद पडली का?" मी मान हलवली. त्याला वाटलं हो, मला वाटलं नाही.

दहावा झाला, तेरावा झाला. पोरगी माहेरीच राहिली, सासरच्यांनीही तेच म्हटलं. आता तिचं बाळंतपण माझ्यावर होतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण बांधावरून वाट्या आता एकाच बाजूनं जात होत्या, त्यात काय ते आलं.

एक दिवस सकाळी बाजाराला जायचं म्हणून मी गाडी चालू केली. गिअर न टाकता जरा तापू दिली, आणि खालून आवाज आला. "ऊं… ऊं…" मी दचकून मागं बघितलं. मागची सीट रिकामी. आवाज एकसुरी, नाकातला. मी क्लच दाबला. आवाज बंद. सोडला. परत "ऊं…"

फाटकापाशी झालं होतं अगदी तसंच, पाय खाली आणि आवाज बंद.

ओट्यावर बसून तांदूळ निवडणारी पोरगी उठली होती. सूप हातातच. तांदूळ सांडत होते, तिला पत्ता नाही.

"काकू," ती म्हणाली, "आई आहे."

बातमी उसातून कशी जाते देव जाणे. दुपारपर्यंत म्हातारी दारात हजर.

"गेली न्हाई ती. गाडीतच राह्यलीय. पोरीचा जीव अडकलाय ना तिचा."

आमचे हे बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "राहू द्या की. भाडं न्हाई मागत मी."

"चेष्टा करू नका," मी म्हटलं.

"अगं पट्टा सैल झाला आसंल." मग म्हणाले, "न्हाईतर मागचा गोळा वाजतोय." मग म्हणाले, "सायलेन्सर." यांचं असं असतं, गाडीचा एकेक भाग घेतात आणि आळीपाळीनं त्याच्यावर आळ टाकतात. शेवटी म्हणाले, "इकून टाक."

लोकांनी गाडीला हाक मारायचं बंद केलं. एका घरातल्या म्हाताऱ्याला ताप भरला तर मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेला, पण माझ्याकडे आले नाहीत. ते मी सोसलं असतं. सोसवेना ते त्या पोरीचं. तिचे दिवस भरत आले होते, आणि ती म्हणायची, "काकू, मी चालत जाईन, पण त्या गाडीत बसणार नाही." भीतीनं नव्हे हो. आईला भिणारी पोर नव्हती ती. एक दिवस माझ्याकडे आली आणि म्हणाली, "जरा चालू करता?" मी केली. ती बोनेटवर तळहात ठेवून उभी राहिली, ऊन होतं, पत्रा तापलेला, तरी हात काढला नाही. वाकून म्हणते, "आई, अजून दुखतंय का गं?"

मला ऐकवेना. मी क्लच दाबला.

तिनं काचेतून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तिला गप्प का करता?"

त्या पोरीच्या डोक्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं. तिची आई गेली याचं दुःख वेगळं, ते सगळ्यांना असतं. पण तिला वाटत होतं, आईच्या कळा अजून संपलेल्या नाहीत. रोज, माझ्या दारात, ती कण्हतेय आणि कुणी काही करत नाही. असलं डोक्यात घेऊन कुणी बाळंत होऊ नये. मी ठरवलं, हा आवाज कुठून येतो ते मी बघणार. आणि तिची आईच निघाली तर? तर तेही बघू. खरंच सांगते, तेव्हा मला दोन्ही शक्य वाटत होतं.

चुलीपाशी लोखंडी फुंकणी होती, ती घेतली. ह्यांना खुर्चीवर बसवून खुर्ची इंजिनापाशी ओढली आणि गाडी चालू करून ठेवली. फुंकणीचं एक टोक पट्ट्यापाशी, दुसरं माझ्या कानाला. पट्टा आपला पट्ट्यासारखा बोलत होता. इंजिनाच्या पोटाला लावली, तिथं नुसती धडधड. मग आत चढून गिअरच्या दांड्याखालचं रबर वर केलं आणि फुंकणी खालच्या लोखंडावर टेकवली.

काय सांगू. कानात तोंड घालून कण्हल्यासारखं आलं. मी फुंकणी टाकून बाहेर उडी मारली.

"काय झालं?" हे म्हणाले.

"गिअरच्या डब्यात आहे."

"कोन हाय?"

त्यांनी "कोण" विचारलं, बघा. इतके दिवस चेष्टा करणाऱ्या माणसानं.

रात्रभर मी ते पाय-हात मनात करत होते, खाली, वर, खाली, वर. क्लच दाबला म्हणजे काय होतं? इंजिन आणि गिअरचा डबा यांची फारकत होते. इंजिन फिरत राहतं, डबा थांबतो. म्हणजे डबा फिरतो तेव्हा कण्हतो आणि थांबला की गप्प होतो. एवढं कळलं. पण तो आधी कण्हत नव्हता, तिच्यानंतरच का, ते कळत नव्हतं.

सकाळी मी पोरीला म्हटलं, "तुझी तपासणी आहे ना आज श्रीरामपूरला? तू ह्यांच्याबरोबर एसटीनं ये. मी गाडी घेऊन गॅरेजला जाते. तपासणी झाली की तिथं ये. तुझ्यासमोर उघडू."

"काय उघडणार?"

"जे असेल ते."

म्हणजे वरात बघा कशी. पुढं मी एकटी त्या कण्हणाऱ्या गाडीत, मागनं एसटीत आमचे हे गुडघे चोळत, आणि खिडकीशी ती. फाटक त्या दिवशी उघडं होतं. मी तिथं वेगच कमी केला नाही.

मिस्त्री ओळखीतला, टोपी घालून जमिनीवर बसून चहा पीत होता. मला बघून म्हणाला, "या मावशी, आज कोणाला आणलंय?"

मी म्हटलं, "तेच विचारायला आलेय."

त्यानं गाडी ऐकली, मान हलवली. "क्लचचं बेअरिंग."

"ते पाय दाबला की वाजतं ना? हे पाय दाबला की थांबतं."

तो हसला. "मग मावशी, तुम्ही गाडीखाली झोपा, मी चहा पितो." पण परत ऐकलं, दोनदा पाय दाबून बघितला. "बरोबर हाय. डब्यात हाय." घराण्यातल्या सुनेनं सांगितलेला मिठाचा अंदाज सासूनं मानावा तेवढ्या सहज त्यानं माझं मान्य केलं.

पोरगी आणि हे आले. मिस्त्रीनं तिला स्टूल दिलं, गाडीखाली लोखंडी पाटी सरकवली आणि डब्याच्या तळाचा बोल्ट सोडला. ऑईल काळं-पिवळं पडतं, मी बघितलंय. हे जे आलं ते दुधाच्या चहासारखं. गढूळ, फेसाळ, जाडसर. पाटीत पडून तसंच थरथरत राहिलं.

मिस्त्रीचा आवाज बदलला. "मावशी, गाडी पाण्यात घातली होती?"

हेच बोलले, "घातलीय. नदीला. मयत न्हेल्यावर."

"कधी, लगेच? म्हणजे गाडी गरम असतानाच?"

"लगेच," मी म्हटलं. "श्रीरामपुरातनं आले ती तशीच पाण्यात."

"तेच तर. ह्या डब्याच्या डोक्यावर हवा जायला बारीक नळी असते. गरम डबा गार पाण्यात गेला की तो आत ओढतो. श्वास घेतल्यासारखा. नळी पाण्याखाली, मग काय ओढणार? पाणीच. आणि नुसतं धुवून काढली असती तरी चाललं असतं. ही बराच वेळ उभी होती वाटतं पाण्यात."

बराच वेळ उभी होती. का उभी होती ते माझं मला माहीत. म्हशी धुणारा हाका मारत होता आणि मी गाडीच्या दारात बसून रडत होते, तेवढा सगळा वेळ गाडी खाली पाणी पीत होती.

पोरगी मिस्त्रीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "गरम कुकर आपण नळाखाली धरतो ना, आणि झाकण कसं आत ओढून बसतं? निघता निघत नाही? तसं झालंय बघ. ते पाणी आत राहिलं, गंज धरला, आणि गंजलेलं बेअरिंग फिरायला लागलं की…"

"कण्हतं," ती म्हणाली.

डबा उतरवून खोलायला मिस्त्रीला दुपार लागली. पोरगी हलली नाही. हे म्हणाले, "चल, रस पिऊ," तर नुसती मान हलवली. शेवटी त्यानं ते बेअरिंग काढून रॉकेलमध्ये बुडवलं, पुसलं आणि तिच्या हातावर ठेवलं. तिनं बोटानं फिरवलं. ते खरखरलं, अडकलं, परत खरखरलं. गोळ्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. ती कितीतरी वेळ फिरवत बसली.

"म्हणजे आई नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती गं."

"मग ती त्या दिवशी फाटकापाशीच गेली. तेव्हाच सगळं थांबलं तिचं."

"तेव्हाच."

"त्यानंतर दुखलं नाही तिला."

"नाही. अजिबात नाही."

मला वाटलं आता हिला हलकं वाटेल. पण ती रडली. तेराव्यालासुद्धा रडली नव्हती अशी, गॅरेजातली माणसं हातातले पाने ठेवून उभी राहिली. ह्यांनी आपला पंचा तिला दिला, आणि मग स्वतःला लागला म्हणून परत घेतला. कळा नकोत पण आई हवी, असं काहीतरी ते होतं. ज्या दिवशी आईचं दुखणं संपलं असं कळलं, त्याच दिवशी आई गेली असंही कळलं. दोन्ही एकाच पाटीतून बाहेर आलं.

मिस्त्री शहाणा. तो म्हणाला, "ताई, ते बेअरिंग ठेवा. पोरगं झालं की गाडा करून द्या. गंजलं तरी गाड्याला पळतं."

"आणि मुलगी झाली तर?" मी म्हटलं.

"तर मावशीसारखी इंजिन ऐकंल."

संध्याकाळच्या आत गाडी झाली. नवं बेअरिंग, नवं ऑईल. मिस्त्रीनं चालू केली, न्यूट्रलमध्ये सोडली. काही नाही. नुसतं इंजिन. पोरगी उठली, मागचं दार उघडलं आणि त्याच सीटवर, त्याच बाजूला बसली. मी तिला पुढं ह्यांच्याशेजारी बस म्हणणार होते, म्हटलं नाही.

फाटक बंद होतं. आता काय करता? मी क्लच दाबला, गिअर काढला. पाय वर उचलायचा होता. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली की पाय उचलावा, नाहीतर क्लचचं बेअरिंग झिजतं, हे मीच सगळ्यांना सांगत असते. पण पाय उचलेना. उचलला आणि आवाज आला तर? मग लक्षात आलं, आवाज येणार नाही याचीही मला तेवढीच धास्ती होती. आरशात पोरगी दिसत होती, बेअरिंग मुठीत धरून, डोळे मिटून. आगगाडी जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो. मग ती डोळे न उघडता म्हणाली, "काकू, उचला पाय. मी ऐकते."

मी उचलला. इंजिन चालू राहिलं, दुसरं काही नाही. तिनं ते सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "चला."

पुढं तिच्या कळा सुरू झाल्या तेव्हा दिवस उजाडत होता. बांधावरून हाक आली, "काकू, गाडी काढा." तिनं स्वतःच हाक मारली, वडिलांना मारू दिली नाही. त्या वाटेवर तीही कण्हत होती, मागच्या सीटवर, आईच्याच आवाजात. मी सांगते ना, हुबेहूब. फाटक उघडं होतं, देवाची कृपा. मुलगी झाली.

गाडी आता बरी आहे. वस्ती परत हाका मारते. म्हातारीला मी सगळं समजावून सांगितलं, नळी, पाणी, कुकर. ती म्हणाली, "व्हय, पन पानी आत कुनी वडलं?" तिच्यापुढं मी हात टेकले.

तरी एक राहिलंच. त्या फाटकापाशी थांबायची वेळ आली की माझा डावा पाय अजून वर येत नाही. मिस्त्री म्हणतो, "मावशी, अशानं आता खरंच क्लचचं बेअरिंग जाईल, मग ते वाजंल." मी हो म्हणते. फाटक उघडेपर्यंत पाय दाबून बसते, आरशात बघत नाही. मागं कुणी बसलेलं असलं तर विचारतं, काय झालं काकू? मी म्हणते, काही नाही, गाडी जाऊ दे.